ग्रंथालयाचं ब्राउझर एक्स्टेन्शन वापरता का? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती, अर्थशास्त्रात पीएचडी, पुणे

शोधनिबंध सापडतो, सारांश वाचून कळतं की आपल्याला हवं ते नेमकं यातच आहे, आणि खाली आकडा दिसतो: एका लेखाचे तीस-चाळीस डॉलर. कित्येक जण तिथेच टॅब बंद करतात. पण त्याच नियतकालिकाची वर्गणी बरेचदा आपल्या विद्यापीठाने आधीच भरलेली असते. आपण घरच्या वायफायवर बसलेलो असतो, एवढंच. प्रकाशकाची साइट कॅम्पसचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बघते, तो दिसला नाही की दार बंद. ग्रंथालयाचं एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, ते हे दार घरूनही उघडायला मदत करतं.

1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे सरकारने देशभरातल्या संस्थांसाठी एकत्र वर्गणी भरायची योजना, सुरू झाली. 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारच्या 6,300 हून जास्त संस्था, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. जनतेच्या पैशातून एवढं घेतलंय आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी अजूनही ओळखीपाळखीच्या लोकांना मेसेज करून पीडीएफ मागते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढला.

कुठलं एक्स्टेन्शन वापरता, कुठे चाललं, कुठे अडलं, ते सविस्तर लिहा. चोरवाटांची चर्चा इथे नको. हक्काचं आहे ते घरबसल्या कसं मिळवायचं, तेवढंच बोलू.

मास्टर्सची विद्यार्थिनी, उट्रेख्त, नेदरलँड्स

आमच्याकडे लीन लायब्ररी. त्याची सुरुवात इथल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाने केली, आणि 2018 मध्ये ते सेज प्रकाशनाने विकत घेतलं. मुलं ग्रंथालयाच्या मुख्य पानावर येतच नाहीत, गुगलवरूनच सुरुवात करतात, हे सरळ मान्य करून ते बनवलंय. मला हा विचारच फार आवडला.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. लेखाच्या पानावर गेलं की कोपऱ्यात लहानशी पट्टी उघडते: तुमच्या ग्रंथालयातून उपलब्ध आहे. क्लिक केलं की विद्यापीठाचं लॉगिन येतं, आणि तेच पान पुन्हा उघडतं. पत्त्याची ओळ नीट बघितलीत तर प्रकाशकाच्या पत्त्यातल्या टिंबांच्या जागी आडव्या रेघा आलेल्या असतात आणि शेवटी विद्यापीठाच्या प्रॉक्सीचं (मधल्या सर्व्हरचं) नाव जोडलेलं असतं. म्हणजे पान आता विद्यापीठामार्गे येतंय. तो बदललेला पत्ता दुसऱ्या कुणाला पाठवू नका, विद्यापीठाबाहेरच्या माणसाला तो उघडणार नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, पाठवा.

डॉक्टर, संशोधन फेलो, ओहायो, अमेरिका

इथे लिबकी नोमॅड. पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या सूचीवर) शोध घेतला की निकालांच्या यादीतच प्रत्येक नोंदीखाली पीडीएफचं बटण येतं, लेखाच्या पानावर जावंही लागत नाही. विकिपीडियाच्या संदर्भसूचीतही येतं.

पण मी ते वापरतो त्याचं मुख्य कारण दुसरं. एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर पीडीएफच्या बटणाऐवजी तसा इशारा दिसतो. कोविडसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यावरचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध आठवतोय का? 22 मे 2020 ला आला, 4 जूनला मागे घेतला. मधल्या दिवसांत किती जणांनी तो डाउनलोड करून ठेवला असेल! घरच्या संगणकात पडून असलेली पीडीएफ काही सांगत नाही. रुग्णाला औषध देणाऱ्या माणसाने हा इशारा बघूनच पुढे जावं, असं माझं ठाम मत आहे.

ग्रंथपाल, अभियांत्रिकी संस्था, नाशिक विभाग

धागा काढलात त्याबद्दल ताईंचे आभार. पलीकडच्या बाजूने थोडं लिहिते.

एक्स्टेन्शन कुठलंही असो, ते नवीन काही मिळवून देत नाही. संस्थेने ज्याची वर्गणी भरली आहे किंवा जे मुळातच मोफत आहे तेवढंच उघडतं. काही एक्स्टेन्शन पानाचा पत्ता बदलतात, काही ठरावीक साइट्सपुरती तुमची जोडणी संस्थेच्या सर्व्हरमार्गे वळवतात. आमच्याकडे मायलॉफ्ट आहे, ते दुसऱ्या प्रकारचं. मागे उभा असतो तो प्रॉक्सी सर्व्हर. ईझीप्रॉक्सी हे त्यातलं जुनं नाव, 1999 पासूनचं, आता ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेकडे आहे. वर ओहायोहून लिहिणाऱ्या डॉक्टरांच्याच राज्यात ओसीएलसीचं मुख्यालय. आणि प्रॉक्सीशिवायचाही मार्ग आहे: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची इन्फेड ही लॉगिनची सोय. प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिन करायचा पर्याय असतो, तिथे आपली संस्था निवडायची.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा एम.टेक.ची मुलं फोन करून रडायची. प्रबंध जमा करायचे होते, आणि पेपर कॅम्पसवरच उघडत होते. तोवर घरून वापरायची सोय आहे हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. त्या दोन-तीन महिन्यांत मी फोनवर पायऱ्या सांगून जितकी खाती सुरू करून दिली तितकी आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून नसतील.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक, अंकच्या अंक एका बैठकीत डाउनलोड करू नका. करारात त्याला मनाई असते, प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच दिसतं, आणि मग एकट्या तुमचं नाही, अख्ख्या संस्थेचं दार बंद होतं. परीक्षेच्या तोंडावर असं झालं की काय गोंधळ उडतो ते मी पाहिलंय. दोन, अडलं की ‘चालत नाही’ एवढाच मेसेज नको. लेखाचा डीओआय, वेळ आणि स्क्रीनशॉट पाठवा. तेवढ्यावर दहा मिनिटांत कळतं की वर्गणी नाही, वर्ष कराराबाहेरचं आहे, की सर्व्हरच्या यादीत त्या साइटचा नवा पत्ता घालायचा राहिलाय. शेवटचं कारण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार जास्त वेळा असतं.

सॉफ्टवेअर इंजिनिअर, अर्धवेळ एम.टेक., पुणे

मॅडमनी छान लिहिलंय. एक भर घालतो. एक्स्टेन्शन टाकताना क्रोम विचारतो: सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी द्यायची का? तुम्ही कुठल्या प्रकाशकाच्या पानावर आहात हे कळल्याशिवाय त्याला काम करता येत नाही, म्हणून ही परवानगी मागतात. तरी मी ती सरसकट देत नाही. एक्स्टेन्शनच्या तपशिलात साइट अ‍ॅक्सेस म्हणून जागा आहे, तिथे ‘क्लिक केल्यावरच’ निवडलं. आपोआप येणारी पट्टी गेली, पण बँकेच्या पानावर ते डोकावत नाही.

त्याहून बरं म्हणजे संशोधनासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल. आणि एक्स्टेन्शन ग्रंथालयाच्या पानावर दिलेल्या दुव्यावरूनच घ्या, क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या दुकानात नाव शोधून नको. सारख्या नावांची बरीच असतात.

सहायक प्राध्यापक, अनुदानित महाविद्यालय, धाराशिव जिल्हा

आमच्यासारख्या कॉलेजांना एन-लिस्टचा आधार, म्हणजे कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी सरकारी योजना. नाव-पासवर्ड मिळतो आणि घरून चालतं. पण विज्ञानातली अलीकडची बरीच नियतकालिकं त्यात नाहीत.

म्हणून मी अनपेवॉल टाकलं. 2017 मध्ये आलेलं, ना नफा तत्त्वावरचं, लॉगिन काही लागत नाही. लेखाच्या उजव्या कडेला कुलूप दिसतं. हिरवं म्हणजे त्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी आहे, करडं म्हणजे सापडली नाही. अनेकदा ती लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली, छपाईआधीच्या मसुद्याची प्रत असते, पानांचे आकडे छापील अंकाशी जुळत नाहीत. पान क्रमांकासह उद्धृत करणार असाल तर हे लक्षात असू द्या.

करडं कुलूप दिसलं तर लेखकाला ईमेल करतो. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या वर्षापासून शिकवतो, कारण पुढे ती मोठ्या विद्यापीठात गेली की तिथल्या मुलांच्या मागे पडता कामा नयेत.

एम.ए., रत्नागिरी

माझ्याकडे लॅपटॉप नाही, सगळं मोबाइलवर. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. इथे लिहिणारे सगळे लॅपटॉपवाले आहेत, आमच्यासाठी काही आहे का?

ग्रंथपाल, अभियांत्रिकी संस्था, नाशिक विभाग

आहे ना बाळा. गुगल स्कॉलरच्या (शोधनिबंध शोधायच्या गुगलच्या पानाच्या) सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ आहे, तिथे विद्यापीठाचं नाव शोधून खूण कर. नाव निघालं तर निकालांच्या बाजूला दुवा येईल. दुसरं, विद्यापीठात जाशील तेव्हा तिथल्या वायफायवर आपल्या जीमेलने लॉगिन करून स्कॉलर उघडून ठेव. काही प्रकाशकांकडे ती ओळख नंतर काही काळ घरीही चालते. आणि वर सांगितलेलं इन्फेड मोबाइलवर तसंच चालतं. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना आधी विचार, तिथे कुठली सोय आहे ते त्यांना नक्की माहीत असतं. विचारायला संकोच करू नकोस, आम्ही त्याच कामाला बसलोय.

पदवी पूर्ण, सध्या नोकरीच्या शोधात, नागपूर

पीएचडी मिळाली आणि काही आठवड्यांत लॉगिन बंद. एक्स्टेन्शन तेच, बटण तेच, पण दाबलं की ‘खाते सक्रिय नाही’. प्रबंधावरून दोन पेपर लिहायचे होते तेव्हाच. संस्थेचं नाव घेत नाही, सगळीकडे असंच आहे. माझं म्हणणं एवढंच की निदान वर्षभर तरी ते चालू ठेवा. नोकरी नसलेल्या संशोधकालाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

सध्या शोधगंगा (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह), अनपेवॉल, आणि ग्रंथालयात प्रत्यक्ष जाऊन तिथल्या संगणकावर वाचन, असं चालू आहे. बऱ्याच करारांत ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्याला मुभा असते, विचारून बघा.

भाषाशास्त्र, पीएचडी, हैदराबाद

झोटेरो या संदर्भ जमा करायच्या सॉफ्टवेअरचं कनेक्टर (त्याचं एक्स्टेन्शन) वापरणाऱ्यांनी वेगळं काही टाकायची गरज नाही. एकदा प्रॉक्सीमार्गे साइट उघडलीत की ते पत्ता ओळखतं आणि पुढच्या वेळी आपोआप तिकडे वळवतं. पीडीएफ आणि संदर्भ दोन्ही एका क्लिकमध्ये जमा.

पत्रकार, छत्रपती संभाजीनगर

मी कुठल्याच विद्यापीठात नाही. 1972 च्या दुष्काळावर आणि रोजगार हमी योजनेवर लिहितोय. ईपीडब्ल्यूमधले (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) त्या काळातले लेख हवे आहेत. एक्स्टेन्शनचा मला उपयोग नाही, मग काय करू?

धागाकर्ती

दादा, ईपीडब्ल्यूचे जुने अंक जेस्टॉर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. स्वतःच्या ईमेलने मोफत खातं उघडा, महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, तेव्हा टिपणं काढत वाचा. शोधताना ‘महाराष्ट्र’ आणि ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी’ हे दोन्ही शब्द एकत्र टाका आणि वर्षं 1972 ते 1982 ठेवा, कारण कायदा 1977 चा असला तरी त्यावरची बरीच चर्चा नंतरच्या अंकांमध्ये आहे. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण याच विषयावर आहे. लेखांची यादी डीओआयसकट आज रात्री इथेच टाकते.