लग्न झालेलं नाही, मुलीचा ताबा मिळेल का?

प्रश्न: मी नाशिकला सिडकोत राहतो, आमचं लग्न नाही झालं पण मुलगी ३ वर्षांची आहे, जन्मदाखल्यावर बाप म्हणून माझंच नाव. तिची आई तिला घेऊन धुळ्याला गेली नि आता भेटूच देत नाहीये, जीव तुटतो हो. काय करू?

पंचवटीकर: दादा, १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात अशा मुलांची पालक आधी आई, मग बाप, त्यात ५ वर्षांखालचं लेकरू शक्यतो आईकडेच. पण १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली अर्ज करता येतो, कोर्ट मुलीचं हित बघतं. आधी भेटीचा हक्क तरी मागा.

वकीलताई: अर्ज मुलगी राहते तिथल्या कोर्टात, म्हणजे बहुतेक धुळ्यालाच. आणि तिला उचलून आणायला जाऊ नका, प्लीज! खर्चाचे पैसे बँकेतूनच पाठवा, रेकॉर्ड राहतं.