रँचवरची प्रेमकथा आर्वीच्या गोठ्यात कशी बांधावी?

दिवाळी अंकवाली

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी हलकीफुलकी प्रेमकथा लिहीत आहे. इंग्रजीत रँचवर घडणाऱ्या अशा कथांचा एक स्वतंत्र प्रकारच आहे: शहरातली मुलगी काही कारणाने गुरांच्या अफाट कुरणावर येते, तिथला अबोल मालक आधी तिच्यावर वैतागतो, मग एखादे अडलेले वासरू किंवा वादळी रात्र मदतीला येते आणि शेवटी लग्न होते. हा साचा मला वर्धा जिल्ह्यात, आर्वी-कारंजा भागात आणायचा आहे. नायक गवळाऊ गाई पाळणारा आणि नायिका पुण्याची आहे. पहिल्या खर्ड्यात हजार एकरांचे कुरण, घोड्यावरून फिरणारा नायक आणि कोसभर चिटपाखरूही नाही, असे सगळे होते. तो वाचून माझ्या आईने (ती मूळची पुलगावची) एवढेच विचारले, "या मुलाचे शेजारीपाजारी कुठे गेले गं?" त्या दिवसापासून लेखणी अडली आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

धुरेकरी

ताई, आपल्या आईंनी नेमके दुखणे ओळखले आहे. हजार एकर आधी कापा. १९६१ च्या कमाल शेतजमीन धारणा कायद्यानुसार एका कुटुंबाला कोरडवाहू जमीनसुद्धा ५४ एकरांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि खात्रीच्या ओलिताची, दोन पिकांची जमीन असेल तर ही मर्यादा १८ एकरांवर येते. तिकडच्या रँचचा शृंगार एकांतावर उभा असतो. आपल्याकडे तीस एकरवाला मोठा कास्तकार म्हणवतो आणि त्याच्या चारही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, कोणी ना कोणी निंदण करत असते.

म्हणून माझे मत असे की, नायिका पुण्याहून आणण्यापेक्षा धुऱ्यापलीकडचीच घ्यावी. दोन घरांचा धुऱ्याचा वाद आजोबांपासून चालू असावा, आणि नायकाची एक द्वाड गाय रोज तारेखालून पलीकडच्या तुरीत शिरत असावी. ती हाकलून आणायला सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) न पाठवता मालक स्वतःच का जातो, हे सर्वांत आधी सालदाराच्या लक्षात यावे. पुण्याचीच मुलगी हवी असेल, तर ती शेत विकत घ्यायला आली असे मात्र लिहू नका, कारण विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर बंधने आहेत. तिला मावशीकडे सुटीला येऊ द्या.

गुरांचा डॉक्टर

घोडा काढा आणि मोटारसायकल द्या, मागे सरकी ढेपेचे पोते बांधलेली. गवळाऊ ही पांढरी, काटक, पायाने चपळ जात. वर्धा-नागपूरपासून पलीकडे छिंदवाडा-शिवनीपर्यंत तिचा मुलूख आहे. बैल कामाला उत्तम, पण दुधाला ती संकरित गाईच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे नायकाचे वडील रोज संध्याकाळी दुधाचे माप बघून त्याला काय ऐकवत असतील, ते संवाद तुम्हाला आयतेच मिळतील. या जातीचे सरकारी पैदास केंद्र कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला आहे.

नायिकेला माझ्या मते नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची आंतरवासिता करणारी विद्यार्थिनी करावे, कारण वासराच्या प्रसंगाचे खरे सोने गाय व्याल्यानंतरच सापडते. रात्री दोनला वासरू होते, अर्ध्या-एक तासात त्याला चीक पाजला जातो आणि मग वार (वासरामागून पडणारी झार) पडण्याची वाट पाहणे सुरू होते. तिला आठ-दहा तासही लागू शकतात, आणि गाईने किंवा कुत्र्याने ती खाऊ नये म्हणून कोणाला तरी राखण बसावे लागते. दोन तरुण माणसांना रात्रभर गोठ्यात एकत्र बसवण्याचे याहून सभ्य कारण माझ्या पाहण्यात नाही. नायकाची आई दर अर्ध्या तासाने चहा घेऊन येईल. तिला कथेतून हाकलू नका.

कुटार

धुरेकरी भाऊंची सूचना आवडली, तरी सावध करतो. धुऱ्याची भांडणे आमच्याकडे न्यायालयापर्यंत आणि कधी कधी डोके फुटेपर्यंत जातात, त्यामुळे हलक्या कथेला हे ओझे पेलणार नाही. भांडण तारेवरच्या कारल्याच्या वेलापुरते ठेवा. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, घालणार असाल तर कथेचे साल पाहून घाला: २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, २०२१ च्या अखेरीस अटींसह पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

नायक अबोल का, याचे कारण मात्र कोणीच दिले नाही. आज शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला बाप तयार होत नाही. नोकरी शिपायाची का असेना, ती आधी विचारली जाते. सात ठिकाणांहून पोहे खाऊन परतलेला माणूस आठव्या मुलीसमोर काय बोलणार? त्याला पोळ्यापर्यंत थांबवा. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे सांगतात. तो हे बैलाला सांगेल आणि पाहील तिच्याकडे. पुढे एकही वाक्य लिहू नका.

दिवाळी अंकवाली

सर्वांची मनापासून आभारी आहे. घोडा विकला आणि हजार एकर सरकारजमा केले. नायिका आता पशुवैद्यकाची विद्यार्थिनी आहे, धुऱ्यापलीकडच्या घरी मावशीकडे उतरलेली. आवतणाचा प्रसंग आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "मग जेवायला गेली की नाही?" तेव्हा कुटार भाऊ, आणखी एक वाक्य लिहावेच लागणार. शेवटची शंका: वार राखण्याची ती रात्र गावभर व्हायला किती वेळ लागलेला दाखवावा?

गुरांचा डॉक्टर

सकाळचे दूध डेअरीवर पोहोचायला लागतो, तेवढा.