पार्किन्सन्समध्ये वळताना पाय अडतात: घरी टीडीसीएस की मुंबईत आरटीएमएस?

कुडाळ_फिजिओ
रुग्ण ६८ वर्षांचे. गोळीचा असर असतानाही दारात आणि वळताना पाय जमिनीला चिकटतात. डीबीएसला (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया) तयार नाहीत. आरटीएमएससाठी (डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकीय पल्स देणं) आठवड्याला ५ दिवस असे दोन आठवडे मुंबईत राहावं लागेल. त्याऐवजी इथेच टीडीसीएस (डोक्यावर ओले स्पंज ठेवून सौम्य वीजप्रवाह देणं) द्यावं का? २ मिलिअँपिअर, २० मिनिटं, ५×७ सेंमीचे स्पंज असा विचार आहे.

न्यूरो_रत्नागिरी
दोन्ही एकच समजू नका. आरटीएमएसच्या चुंबकीय पल्सने पेशी प्रत्यक्ष उद्दीपित होतात, टीडीसीएसचा सौम्य प्रवाह फक्त त्यांचा उद्दीपित होण्याचा कल बदलतो. पार्किन्सन्समध्ये दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सवर (मेंदूचा हालचाली चालवणारा भाग) जास्त वारंवारतेचं आरटीएमएस २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत 'बहुधा परिणामकारक' गटात आहे. अमेरिकेत मात्र २००८ ची मंजुरी नैराश्यासाठी होती, हालचालींसाठी नाही. फायदा माफक आणि तात्पुरता असतो, हे घरच्यांना आधीच सांगा. मेंदूतला पायाचा भाग दोन्ही गोलार्धांमधल्या फटीत खोल असतो, म्हणून साधी आठच्या आकाराची कॉइल तिथे कमी पडते. खोल पोचणारी डबल-कोन कॉइल आहे का, ते केंद्राला विचारा.

इलेक्ट्रोड_वाला
टीडीसीएस करायचंच तर न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली. पायासाठी अॅनोड (धन इलेक्ट्रोड) डोक्याच्या मध्यबिंदूवर: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर निम्मं करा, दोन्ही कानांपुढच्या खाचांमधलंही निम्मं करा, जिथे रेषा छेदतात ती जागा. कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) भुवईच्या वर.

आपल्याकडची खरी अडचण खोबरेल तेल. चापून तेल लावलेल्या डोक्यावर इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) उतरतच नाही, मग लोक स्पंज अजून भिजवतात आणि पाणी कानापर्यंत ओघळतं. घामाचंही तेच: प्रवाह डोक्यात जाण्याऐवजी ओल्या त्वचेवरून निघून जातो. आदल्या दिवशी शाम्पू, पंख्याखाली कोरडं डोकं, केस बाजूला सारून स्पंज. स्पंजच्या प्रत्येक बाजूला साधारण ६ मिली सलाईन पुरतं. नळाचं पाणी नको, त्याने त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत. प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढवा, तसाच उतरवा. मुंग्या आल्या तर चालेल, एका ठिकाणी आग झाली तर बंद. यंत्र बॅटरीवरचंच, चार्जरला लावलेलं असताना डोक्याला नाही.

न्यूरो_रत्नागिरी
मुंबईला जाणार असाल तर रात्रीची बस धरून सकाळी थेट कॉइलखाली बसवू नका. जागरणाने फिट येण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल (वेदनाशामक), बुप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध) चालू असेल तर आधी सांगा, त्यांनीही तो धोका वाढतो. फिट्सचा इतिहास, डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर हेही विचारा. कॉइलच्या आवाजासाठी इअरप्लग हवेतच.

कुडाळ_फिजिओ
आणि फरक पडला की नाही, ते कशावरून ठरवू?

इलेक्ट्रोड_वाला
गोळीनंतर नेमक्या तितक्याच वेळाने, त्याच खोलीत: खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत, आणि डावीउजवीकडे पूर्ण गिरकी. व्हिडिओ काढा. चालण्याचा सराव आणि पाऊल टाकायला खूण म्हणून जमिनीवर लावलेल्या पट्ट्या सुरूच ठेवा. फक्त हा उपचार आणि नवा सराव एकाच दिवशी सुरू करू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.