स्लोडाइव्ह ब्रिटपॉपमुळे संपला?

ब्रिटपॉप, म्हणजे नव्वदच्या दशकातली ब्रिटिश गिटार-पॉपची लाट, आली आणि स्लोडाइव्ह हा इंग्लिश बँड संपला, असं म्हटलं जातं. ते मला अर्धंच पटतं. रेडिंगच्या या मुलांना १९९५च्या आधीपासूनच ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी झोडपायला सुरुवात केली होती. १९९३चा 'सुवलाकी' हा अल्बम आज लोक डोक्यावर घेतात, पण तेव्हा त्याची फारशी कदर झाली नाही. ब्रायन ईनोसारखा नावाजलेला संगीतकार त्यातल्या दोन गाण्यांत आहे, तरीही!

मला मात्र १९९५च्या 'पिग्मॅलियन' या अल्बमबद्दल बोलायचंय. बँडचा गायक-गिटारवादक नील हॉलस्टेडने गिटारच्या आवाजाचे थर जवळजवळ काढूनच टाकले. उरल्या पुन्हापुन्हा फिरणाऱ्या छोट्या सुरावटी, गायिका रेचल गॉसवेलचा दूरून येणारा आवाज आणि खूप सारी शांतता. पहिलं गाणं दहा मिनिटांचं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला, क्रिएशनला, हवा होता पॉप अल्बम, हातात पडलं हे. क्रिएशनने लगेचच करार संपवला. म्हणजे बँड काळाच्या मागे पडला नव्हता, तो कंपनीच्या हिशेबाबाहेर गेला होता. माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम हेच. रात्री हेडफोन लावून एकदा सलग ऐका.

आणि ते संपलेही नाहीत. हॉलस्टेड, गॉसवेल आणि ड्रमर इयन मॅकचन यांनी मोहावे ३ हा बँड काढला, कंट्री-फोककडे झुकणारा. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या प्रिमावेरा महोत्सवात स्लोडाइव्ह पुन्हा उभा राहिला, आधीचा ड्रमर सायमन स्कॉट परतला. २०१७चा अल्बम बावीस वर्षांनी आला. २०२३चा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' तर ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेला, जे नव्वदच्या दशकात त्यांना कधीच जमलं नव्हतं.