मदत हवी आहे: बहिणीच्या ताटाकडे सगळ्यांची नजर

धाकट्या बहिणीला बुलिमिया आहे, म्हणजे भरमसाट खाणं आणि मग वजन वाढू नये म्हणून उलटी वगैरे करणं, असा आजार. उपचार सुरू आहेत, समुपदेशकही चांगल्या आहेत. अडतं ते घरी. एकच माणूस "अजून थोडं घे, माझ्यासाठी" म्हणतं आणि हात धुवेपर्यंत "गालांवर चढलंय हो" असंही बोलून मोकळं होतं. नाही म्हणावं तर अपमान, खावं तर वजनाचा हिशेब. मग ती सगळ्यांदेखत नीट जेवते आणि नंतर बाथरूमचं दार लावून घेते.

फिजीबद्दल वाचलं. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला आणि तिथल्याच १९९८ च्या पाहणीत वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या शाळकरी मुलींचं प्रमाण शून्यावरून ११ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. हाँगकाँगमधल्या ॲनोरेक्सियाच्या (खाणं अगदी तोडण्याचा आजार) काही रुग्ण मुली मात्र जाडीची भीती सांगतच नसत, पोट फुगतं म्हणायच्या. म्हणजे अशा आजारांवर भोवतालचाही परिणाम होतो, आणि आम्ही इतके दिवस हिला नुसतं "हट्टी" म्हणत होतो!

जेवताना वजनाचा विषय नको, हे मोठ्यांना कसं सांगितलंत? तेही तिचा आजार चारचौघांत न उघडता? जेवणानंतर तासभर सोबत बसणं कुणाला उपयोगी पडलं का, की ती पाळतच वाटते? डाएटचे सल्ले कृपया नकोत.