रेंज नाही तिथे फोनवरचा नकाशा पुरतो का?

पायवाट: परवा ट्रेकिंगच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, रानात रेंज नसते म्हणून तिथे जीपीएस चालत नाही, आणि खाली सगळ्यांनी हो ला हो केलं. अहो, रेंजचा आणि जीपीएसचा संबंधच नाही! साधारण २०,२०० किमी उंचीवरून उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सांगत फिरत असतात, फोन ते नुसतं ऐकतो, चार उपग्रह सापडले की तुम्ही कुठे आहात ते काढतो, सिमसुद्धा लागत नाही. डेटा लागतो तो नकाशा दिसायला, मग तो घरीच वायफायवर उतरवून घ्या ना, त्यासाठी ऑसमँड अ‍ॅप घ्या नाहीतर ऑरगॅनिक मॅप्स. माझ्या मते कागदी नकाशाची गरज आता संपली.

होकायंत्र: शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. मुसळधार पावसात फोनवर नकाशा बघून बघा एकदा. काचेवर थेंब पडला की नकाशा आपोआप सरकतो, बोट पुसायला जावं तर शर्टही चिंब, आणि वाट फुटते तिथेच नेमकं झूम होत नाही. थंडीत तर माझा फोन ४० टक्के बॅटरी दाखवत दाखवत बंद पडलाय. कागदाला चार्जिंग लागत नाही.

पायवाट: कागदही भिजतोच की. आणि बॅटरी खातं कोण, तर रेंज शोधत बसलेला फोन! फ्लाइट मोड लावा, बहुतेक फोनवर जीपीएस तरीही चालू राहतं, सोबत पॉवर बँक ठेवा, झालं.

रानवाटा: दोघांनाही एक सांगायचंय. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो, पण दोन्हीकडे कडे असले की सिग्नल दगडावर आपटून उशिरा येतो आणि ठिपका भलतीकडे जातो. मी ओढ्याच्या अलीकडे उभी होते आणि ठिपका मला पलीकडे दाखवत होता, जागची हललेसुद्धा नव्हते. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं झालं की त्यावर विसंबू नका. आणि नेट नसताना उपग्रहांची माहिती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते, त्याला निदान अर्धा मिनिट, कधी बरंच जास्त लागतं, लोक दहा सेकंदांत वैतागून फोन खिशात टाकतात!

होकायंत्र: हेच म्हणतोय मी. त्यात गूगल मॅप्स ऑफलाइन असताना पायी जायचा रस्ता सांगतच नाही, फक्त गाडीचा सांगतं, हे किती जणांना ठाऊक असतं?

पायवाट: म्हणून तर वर दुसरी अ‍ॅप्स सांगितली. त्यांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून लोकांनीच काढलेला, बऱ्याच पायवाटा असतात त्यात. एक वाट नव्हती ती परत आल्यावर मी स्वतः टाकली. वर्तुळाचं मात्र मान्य, तिकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. कागदाचं अजून नाही पटलं, मी जुना फोन तेच नकाशे भरून पिशवीत बंद करून नेईन.

होकायंत्र: न्या, पण निघायच्या आधी घरीच फ्लाइट मोड लावून नकाशा उघडतोय का ते बघा. माझा डाउनलोड अर्धवट राहिला होता, ते मला चढ चढून गेल्यावर कळलं.