हूलॉक गिबन झूमध्ये ठेवावा का? माझ्या मते नाही

कात्रजकर:
मागच्या महिन्यात एका झूत हूलॉक बघितला. भारतातला एकमेव एप, म्हणजे चिंपांझी, ओरांगउटानच्या गोतावळ्यातला, शेपूट नाही, हात पायांपेक्षा लांब. जाळीला धरून तीन झोक्यांत या टोकाचा त्या टोकाला, की परत फिरायचा, अर्धा तास तेच चालू. आता जरा मागे जाऊन बघा. कोलकात्यातलं अलीपूरचं झू १८७६ चं, तेव्हापासून गिबन बघायला लोकांना आवडतं, पण तो यायचा कसा? पिल्लू आईच्या पोटाला घट्ट चिकटलेलं असतं आणि आई शेंड्यावरून खाली उतरत नाही, म्हणजे पिल्लू हवं तर आधी आई मारायची. असं मिळवलेलं जनावर आपण तिकीट काढून बघत आलो, आणि वर त्याला संवर्धन म्हणतो.

सदू_मास्तर:
अहो पण कुठल्या काळाचं बोलताय? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हूलॉक पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आज कुणी परवानगीशिवाय झूसाठी रानातून पकडून आणला तर सरळ जेल. लोकांनी घरात पाळलेली, मग वनखात्याने जप्त केलेली पिल्लं असतात, त्यांचं काय करायचं ते सांगा ना. दूधभात खाऊन वाढलेलं पिल्लू वीस मीटर उंच फांदीवर कसं जगणार? आणि १८९२ साली अलीपूर झूचे अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी प्राण्यांच्या देखभालीवर अख्खं पुस्तक लिहिलं, सगळेच कसाई नव्हते.

मेखला_२:
मास्तर, सांभाळा की, पण गर्दीसमोर कशाला? आणि एकेकटा तर नकोच. नर-मादी सकाळी मिळून गातात, लांबवर ऐकू जातं. एकटा ठेवलेला नुसता हाका मारत बसतो, पलीकडून उत्तर नाही. मी आसामात जोरहाटला दोन वर्षं होते, रानातलं ते गाणं ऐकलंय, म्हणून पिंजऱ्यातलं ऐकवत नाही.

झाडपाला:
ब्रीडिंगचं कुणीच बोलत नाही. देशातल्या झूंवर देखरेख करणारं मध्यवर्ती प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली आलं, नंतर हूलॉकच्या नियोजित पैदाशीचं काम इटानगरच्या झूकडे दिलं. म्हणजे नुसतं दाखवायला ठेवत नाहीत.

कात्रजकर:
@झाडपाला कागदावर छान आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू, पुढचं दोन-तीन वर्षांनी, आणि ते पिल्लू वयात यायला सात-आठ वर्षं. हिशोब करा. झालीच चार-सहा पिल्लं तर सोडणार कुठे? जोरहाटचं होलोंगापार अभयारण्य जेमतेम २१ चौरस किमी, भोवती चहाचे मळे, मधून रेल्वे. झाडांचे शेंडे तुटले की हा रूळ ओलांडत नाही. जप्त पिल्लांबाबत मास्तरांचं पटलं, मी वर सरसकट 'नाही' म्हणालो ते जास्त झालं. पण गर्दीपासून लांब, उंच झाडं असलेल्या जागेत ठेवा, आणि जोडीने.

सदू_मास्तर:
मग लोकांना हूलॉक कळणार कसा? माझा नातू काळा आणि बदामी बघून 'दोन वेगळे प्राणी' म्हणत होता, नर काळा आणि मोठी झालेली मादी बदामी हे त्याला झूतच कळलं.

मेखला_२:
ते फलकावर लिहिता येतं, मास्तर. त्यासाठी पिंजऱ्यात गिबन कशाला?